अठ्ठावीस माणसांचं माप

हरिश्चंद्र शिवलकरांना दोन माणसांचा भात करता येत नाही, ही गोष्ट रत्नागिरीजवळच्या काळबादेवी गावात सगळ्यांना ठाऊक होती आणि त्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. असणार कशी? उरलेला भात, त्यावरचं कालवण, कधी कोंबडीचा रस्सा, हे सगळं स्टीलच्या डब्यांतून शेजारीपाजारी पोचत होतं. पलीकडच्या यमुनाबाईंनी तर डिसेंबर महिन्यात संध्याकाळचा स्वयंपाक करायचंच सोडून दिलं होतं. सहा वाजले की त्या रिकामा डबा परत करायला यायच्या आणि तो कधीच रिकामा परत जाणार नाही याची त्यांना पक्की खात्री असायची.

चौतीस वर्षं हरिश्चंद्र बोटीवर कुक होते, त्यातली शेवटची सोळा चीफ कुक. मालवाहू बोटी सगळ्या. कधी कोळसा, कधी गहू, कधी नुसते कंटेनर. बोट बदलली, कंपनी बदलली, कॅप्टन किती बदलले त्याची तर मोजदादच नाही, पण जेवणारी माणसं फिरूनफिरून अठ्ठावीसच्या आसपास. त्यामुळे हाताला ते माप बसलं ते बसलंच. तांदळाच्या पिंपात हात गेला की अठ्ठावीस जणांचे तांदूळ घेऊनच वर यायचा. घरचा डबा लहान होता म्हणून अठ्ठावीसाचे बाराचौदा व्हायचे, एवढाच काय तो फरक.

त्यांची बायको सावित्री. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली होती, पण संसार विचाराल तर सहा वर्षांचा. त्याआधी हरिश्चंद्र नऊ महिने बोटीवर आणि तीन महिने घरी, आणि घरी असले तरी पाहुण्यासारखे. सासूबाई होत्या तोवर मुलाला चुलीकडे फिरकू देत नव्हत्या. "पोरगा बोटीवर जेवण रांधतो," हे त्या गावात सांगतही नसत. नुसतं 'बोटीवर मोठा साहेब हाय' म्हणत. साहेबांना फोडणी देताना कुणी बघितलं असतं तर पंचाईत झाली असती.

रिटायर होऊन घरी आल्यावर मात्र हरिश्चंद्रांनी स्वयंपाकघरात पाय ठेवला आणि पहिल्या महिन्यातच दोघांची जुंपली. तो चमचा तिथे का, हा डबा इथे का, हळद उजवीकडेच का. गॅलीत, म्हणजे बोटीवरच्या स्वयंपाकघरात, कशी प्रत्येक वस्तू एका जागी असते आणि बोट कितीही हलली तरी हात न बघता मिठावर पडतो, हे त्यांनी सावित्रीला आठवडाभर ऐकवलं. आठव्या दिवशी ती म्हणाली, आपलं घर काही हलत नाही. शेवटी तह झाला. वर्षभर स्वयंपाकघर सावित्रीचं. पंधरा डिसेंबर ते एक जानेवारी मात्र हरिश्चंद्रांचं, त्यात तिने लक्ष घालायचं नाही, टोकायचं नाही, आणि मुख्य म्हणजे त्यांच्या मागून ओटा पुसत फिरायचं नाही.

डिसेंबरच का, तर चौतीस वर्षांत एकही नाताळ त्यांनी घरी काढला नव्हता. बोटीवर तो सगळ्यात मोठा सण. त्या दिवशी कुकचा मान कॅप्टनच्या बरोबरीचा. आता तो मान इथे कुठून आणायचा? तरी हरिश्चंद्र आणत होते. दिवाळीचा फराळ संपला की काजू, मनुका, जर्दाळू, संत्र्याची साल, सगळं बारीक चिरून लोणच्याच्या जुन्या चिनी मातीच्या बरणीत जायचं आणि वर रम. रम बघून सावित्रीने पहिल्या वर्षी नाक मुरडलं होतं. देवघर त्याच भिंतीला आहे म्हणाली. पण दुपारी हरिश्चंद्र आडवे झाले की ती हळूच बरणीचं झाकण उघडायची आणि एक चमचा तोंडात टाकायची. मग दीडदोन तास तिची दुपार फार सुखाची जायची. बरणी रोज चमचाभर खाली जायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काठोकाठ भरलेली असायची. याचा अर्थ हरिश्चंद्रांना सगळं माहीत आहे, हे सावित्रीलाही माहीत होतं, पण दोघांनी त्याचा उच्चार कधी केला नाही.

संध्याकाळी ओटीवर खुर्च्या टाकून दोघं बसायची. समोरून गणपतीपुळ्याचा रस्ता, आणि नाताळच्या सुट्टीत त्यावर गाड्यांची नुसती रांग. लांबून गाडी दिसली की हरिश्चंद्र नंबर ओळखायचे. "झीरो नाइन, कोल्हापूर." सावित्री म्हणायची, सांगली. जवळ आली की कळायचं कोण जिंकलं. जिंकणाऱ्याला दुसऱ्याने कॉफी करून द्यायची. बरोबर खारवलेले काजू. पुण्याच्या गाड्या इतक्या असायच्या की त्या धरायच्याच नाहीत असं ठरलं होतं. त्या अठरा दिवसांत सावित्रीचं वजन दोन किलोने वाढायचं आणि ती जानेवारीभर त्याबद्दल कुरकुरायची.

असं सगळं असूनही या घरात एक गोष्ट सहा वर्षांत घडली नव्हती. नवराबायको एका वेळी, एका पंगतीला जेवली नव्हती.

ऐकणाऱ्याला खोटं वाटेल, पण त्यात कुणाचाच दोष नव्हता. बोटीवरचा कुक सगळ्यांत शेवटी जेवतो. सगळ्यांची ताटं बघायची, कोण काय टाकतोय, कोण परत मागतोय यावर नजर ठेवायची आणि मग गॅलीत उभ्याउभ्या आपलं उरकायचं. आणि सावित्री? ती या घरात आली तेव्हा सासरे, दोन दीर, नणंद, सासूबाई, मग मुलगा दर्शन, असे सगळे उठल्यावर भांड्यात जे असेल ते घेऊन बसायची. म्हणजे शेवटी जेवायची सवय असलेली दोन माणसं एका घरात राहायला लागली. तू बस, मी वाढतो. तुमी बसा, मी वाढते. हे रोज दहा मिनिटं चालायचं, भात निवायचा, आणि शेवटी हरिश्चंद्र हरायचे. ते बसायचे, ती वाढायची. मग ती बसायची ती पाच मिनिटांत ताट घासायला उठायचीच. दीड भाकरी, वाटीभर भात, झालं. डिसेंबरातल्या त्या अठरा दिवसांत उलट. हरिश्चंद्र खांद्यावर फडका टाकून तिच्या डोक्याशी उभे राहायचे आणि "मीठ बरोबर?" विचारायचे. असं कुणी डोक्याशी उभं असताना घास गिळायचा कसा? ती कसंबसं चार घास खाऊन उठायची आणि त्यांना बसवायची.

दर्शन डोंबिवलीला होता. तो, सून आणि नात वेदिका दर नाताळात यायची. त्या वर्षी सोळा तारखेला त्याचा फोन आला. वेदिकाच्या शाळेची सहल निघाली होती आणि सुनेला रजा नव्हती. या खेपेला जमणार नाही, मे महिन्यात नक्की येतो, असं तो म्हणाला. हरिश्चंद्रांनी फोन ठेवला तो तोंड एवढंसं करून. सावित्रीलाही वाईट वाटलं. पण वाईट वाटता वाटता तिच्या लक्षात आलं की आत कुठेतरी आपल्याला बरंही वाटतंय. घरात दोघंच असणार. कुणाला वाढायचं नाही, कुणाचं आवरायचं नाही. यंदा पंचवीस तारखेला आपण दोघं समोरासमोर बसून जेवू. तो बुधवार आहे हेही तिने कॅलेंडरवर बघून घेतलं, म्हणजे मार्गशीर्षातला गुरुवार आडवा येत नव्हता. मग तिला स्वतःचीच लाज वाटली. नात येणार नाही म्हणून खूश होणारी आजी कुणी पाहिली आहे का? तिने देवासमोर जाऊन उगीचच एक दिवा लावला. पण ती इच्छा काही मनातून गेली नाही.

हरिश्चंद्रांचं दुःख वेगळंच होतं. जेवायला माणसंच नाहीत तर नाताळ कसला? दोन दिवस ते घरात येरझाऱ्या घालत होते. तिसऱ्या दिवशी त्यांना तोड सापडली आणि चेहरा उजळला. तेवीस तारखेच्या संध्याकाळी सावित्री ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसली होती, तेव्हा ज्यांना जेवायला बोलावून आले होते त्यांची नावं त्यांनी तिला कागदावरून वाचून दाखवायला सुरुवात केली. यमुनाबाई आणि त्यांची बहीण. भजनी मंडळातले चौदा. देवळाला रंग द्यायला आलेले चिपळूणचे पाच कामगार. मिऱ्याहून बोटीवरचा जुना सोबती गंगाराम, त्याची बायको, दोन मुलगे. बरोबर पंचवीस होत होते. अजून तिघं कोण मिळतील याचा ते विचार करत होते.

सावित्रीच्या हातातली शेंग तशीच राहिली. ती म्हणाली, "माझ्या एकटीसाठी तुमच्याच्यान जेवण होत नाय का?"

ते हसले. त्यांना ती थट्टा वाटली. "अगो, एका माणसासाठी कोण येवढा घाट घालतो?"

"मग मला माणसात धरूच नका."

हरिश्चंद्रांनी कागद खाली ठेवला. सावित्री भांडखोर नव्हती. रागावली तर भांडी जरा जोरात ठेवायची, एवढंच. पण आता ती बोलायला लागली. "साऱ्या जगाला नाताळात जेवायला घातलंत. रशियन जेवले, फिलिपिनो जेवले, मला इथे फोनवर सांगायचात, आज हे केलं, आज ते केलं, सगळ्यांनी बोटं चाटली. मी इथे सकाळची भाकरी रात्री खात ऐकायचे. वाटायचं, येतील घरी कधीतरी, मला पण करून घालतील. सहा वर्षं झाली येऊन. अजून मी पंगतीतलीच. पंगत नसली तर मी पण नाय."

एवढं बोलून तिने शेंगांचं ताट उचललं आणि आत गेली. बोलल्यावर मोकळं वाटेल असं तिला वाटलं होतं, पण तसं काही झालं नाही. उलट म्हाताऱ्या माणसाचा एवढासा आनंद आपण मोडला, असं तिच्या मनाला लागून राहिलं.

चोवीस तारखेचा अख्खा दिवस हरिश्चंद्र घरात गप्प होते. त्यांनी वाळूच्या टोपात केक भाजले, ते मात्र नेहमीच्या मापाने, आणि वाडीत वाटून आले. येताना सगळ्यांना उद्याचं जेवण रद्द म्हणून सांगून आले. भजनी मंडळ हळहळलं. यमुनाबाईंनी तर कुणाची तब्येत बिघडली का म्हणून विचारायला माणूस पाठवला. संध्याकाळी हरिश्चंद्र ओटीवर बसले, पण गाड्यांचे नंबरही ओळखले नाहीत. कोल्हापूरच्या चार गाड्या तशाच गेल्या. सावित्रीला वाटलं, हे रुसले. उद्या आपणच वरणभात टाकायचा आणि गप्प जेवायचं.

पंचवीसच्या सकाळी सहालाच स्कूटर काढून ते मिरकरवाड्याला गेले. एरवी मासळी आणायला गेले की पायाशी दोन पिशव्या, मागे टोपली, असे परत यायचे. त्या दिवशी एकच पिशवी, तीही इवलीशी. सावित्रीने उघडून बघितली तर आत एकच सारंगा. ताजा, चांदीसारखा लखलखीत, पण एकच.

"आपल्याकडे लहान टोप हाय?" त्यांनी विचारलं.

सहा वर्षांत हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदा विचारला होता. तिने दूध तापवायचा टोप काढून दिला. त्यांनी तो फिरवून फिरवून बघितला आणि तिला बाहेर जाऊन बसायला सांगितलं.

ती ओटीवर बसली खरी, पण लक्ष सगळं आत. एरवी हरिश्चंद्र स्वयंपाक करतात हे रस्त्यावरच्या माणसालाही कळायचं. भांडी वाजायची, ते स्वतःशी हिंदीत काहीतरी ओरडायचे. आज आतून आवाजच नाही. न राहवून तिने खिडकीतून डोकावलं. हरिश्चंद्र तांदळाच्या डब्यासमोर वाटी घेऊन उभे होते. वाटी भरली, ओतली, त्यातले थोडे परत डब्यात टाकले, पुन्हा चिमूटभर काढले. नारळाची एक कवड किसून झाल्यावर ते दुसरीकडे बघत राहिले आणि ती उचलू की नको ते त्यांना कळेना. अठ्ठावीस जणांचं जेवण वादळात करणारा माणूस एका सारंग्याच्या चार तुकड्यांना मीठ लावताना घामाघूम झाला होता. सावित्रीला हसू आलं आणि त्याच वेळी डोळेही भरून आले. तिने पदराने तोंड दाबलं आणि पुन्हा खुर्चीवर येऊन बसली.

साडेबाराला त्यांनी हाक मारली. टेबलावर दोन ताटं समोरासमोर. मधे भाताचा टोप, कालवणाचं भांडं, तळलेल्या तुकड्यांची ताटली, सोलकढीचे दोन पेले. कुणाला उठावं लागू नये म्हणून पाण्याचा तांब्यासुद्धा तिथेच. खांद्यावरचा फडका त्यांनी खिळ्याला अडकवला आणि सांगितलं, आज कुणी उभं राहायचं नाही. मग ते स्वतः आधी बसले, कारण त्याशिवाय ती बसणार नाही हे त्यांना कळलं होतं.

सावित्रीने भातावर कालवण घेतलं. वाफ तोंडावर आली. पहिला घास घेतला आणि ती थांबली. माशाचं कालवण तिने आयुष्यात हजार वेळा केलं असेल आणि हजार वेळा खाल्लं असेल, पण चुलीवरून उतरल्या उतरल्या कधी खाल्लं नव्हतं. तिच्या ताटात यायचं तोवर त्याच्यावर साय धरलेली असायची. हे काहीतरी वेगळंच होतं. नारळ गोड लागत होता, कोकम जिभेच्या कडेला लागत होतं, आणि सारंग्याचा तुकडा बोट लावला की सुटत होता. ती जेवत राहिली. हरिश्चंद्रांनी मीठ बरोबर आहे का म्हणून विचारलं नाही. त्यांनी तिच्या ताटात तळलेला तुकडा ठेवला. मग दुसरा. ती बोलायलाही लागली. लग्नानंतर पहिल्यांदा ते बोटीवर गेले त्या वर्षी विहिरीवर बायका तिला काय काय चिडवायच्या ते तिने सांगितलं. हे तिने कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. ते हसले. तिने परत भात घेतला. परत कालवण घेतलं. सोलकढी संपवली, तेव्हा त्यांनी आपला पेला तिच्याकडे सरकवला आणि बोलण्याच्या भरात तिने तोही संपवला.

मग तिने ताट पुढे केलं. "भात वाढा जरा."

हरिश्चंद्र हलले नाहीत. तिने मान वर करून बघितलं. त्यांनी भाताच्या टोपावरचं झाकण उचललं आणि तिला आत दाखवलं. आत दोन शितं चिकटली होती. कालवणाच्या भांड्यात पळीभरही उरलं नव्हतं.

"संपला," ते म्हणाले. त्यांचा चेहरा पार उतरला होता. चौतीस वर्षांत कधी गॅस संपला, कधी फ्रीजर बंद पडला, एकदा बंदरात चोवीस दिवस अडकून पडले, पण त्यांच्या टेबलावरून माणूस भुकेला उठला नव्हता. कुकला याहून मोठी नामुष्की नसते. "दोघांचं नीट काढलं होतं गो. तू जेवतेस ते सहा वर्षं बघतोय ना मी. वाटीभर भात. त्यावर अर्धी वाटी जास्तच धरली होती."

सावित्री हसायला लागली होती, पण हे ऐकून तिचं हसू थांबलं. तिने आपल्या ताटाकडे बघितलं. काटे, कोकमाची साल, पुसून घेतलेला रस्सा. एवढं आपण जेवलो? आणि अजून भूक आहे. कालपर्यंत जर तिला कुणी विचारलं असतं की बाई, तुझी भूक किती, तर तिने बिनदिक्कत सांगितलं असतं, माझं काय, वाटीभर भात पुरतो. एकोणचाळीस वर्षं ती हेच सांगत आली होती आणि ते खरंच आहे असं तिलाही वाटत होतं.

"तुझी भूक मला ठाऊकच नाय," हरिश्चंद्र म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायची त्यांनी खटपट केली नाही.

"मला तरी कुठे ठाऊक होती?" ती म्हणाली.

ते उठले. उष्टा हात धुतला, गॅस पेटवला, पाणी ठेवलं. तांदळाचा डबा उघडला आणि सवयीने हात आत घातला. तो तसाच आत ठेवून ते तिच्याकडे वळले.

"किती घेऊ?"

हा प्रश्न तिला या घरात कुणी विचारला नव्हता. माहेरीही नाही. सावित्रीने खरोखरच विचार केला.

"एक वाटी," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "दीड घ्या."

भात शिजायला वीसेक मिनिटं लागणार होती. उष्ट्या हाताने ती समोर ताट घेऊन बसून राहिली आणि त्यांच्या मदतीला उठली नाही.